व्यसनही आहे आणि स्किझोफ्रेनियाही: मुंबईत दोन्हींवर एकत्र उपचार कसे मिळवायचे?

चारकोपची_ताई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. थेट प्रश्नावरच येते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो दारू पितो, मधूनमधून गांजाही असतो. गोळ्या नियमित असल्या की तो माणसांत असतो. आईला भाजी आणून देतो, सोसायटीच्या गणपतीत आरतीला उभा राहतो. दारू वाढली की गोळ्या सुटतात, गोळ्या सुटल्या की कानातले आवाज सुरू होतात, आणि आवाज दाबायला तो आणखी पितो.

एका व्यसनमुक्ती केंद्राने फॉर्मवर आजाराचं नाव वाचलं आणि "आधी मानसिक आजार स्थिर करून आणा" म्हणून परत पाठवलं. जिथे आजाराचे उपचार चालू आहेत तिथे सांगतात, "आधी पिणं थांबवा, मग औषध लागू पडेल." आई सत्तरीची आहे, मी नोकरी सांभाळून कांदिवली ते शहर अशा चकरा मारते.

परदेशात अशा दुहेरी त्रासासाठी गटात बसवून खास वर्तनोपचार करतात असं वाचलं. मुंबईत दोन्ही एकत्र बघणारं कुणी आहे का? आणि ज्याचं लक्ष दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही, त्याला अशा थेरपीचा खरंच उपयोग होतो का? ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी कृपया लिहा.

गिरणगावकर

ताई, मेव्हण्याच्या बाबतीत हेच झालं. त्याला बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी येणारा आजार. शेवटी आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहून दिली, "दोन्ही उपचार एकाच वेळी चालू ठेवावेत." ती पुढे केली की समोरच्याला नुसतं नाही म्हणून टाळता येत नाही, कारण द्यावं लागतं. तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या.

सरळमार्गी

माझं मत वेगळं आहे. सहा महिने केंद्रात ठेवा, फोन बंद, घरच्यांची भेट बंद. घरात राहून दारू सुटत नाही. माझ्या काकांची अशीच सुटली, आज पंधरा वर्षं थेंब नाही. गटात बसून बोलणं वगैरे त्यानंतर.

निळी_शाई

सरळमार्गी, काकांना आवाज ऐकू येत होते का?

सरळमार्गी

नाही. पण दारू ती दारूच.

मनोवैद्य

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, मुंबईतच काम करतो. लांबलचक लिहितोय, पण ताईंचा प्रश्न तसाच आहे.

आधी सरळमार्गी यांच्या सल्ल्यातला धोका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, समोरचा कोण ते कळत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीव जातो. म्हणून दारू उतरवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या शांत करणाऱ्या औषधांची मात्रा हळूहळू कमी करत आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देत. जिथे डॉक्टर नाही अशा केंद्रात पहिला आठवडा काढू नये.

आता "आधी हे की आधी ते". अमेरिकेत १९८० च्या दशकात पाच ठिकाणी मोठं सर्वेक्षण झालं, त्याचे आकडे १९९० साली आले. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के आणि बायपोलर असलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारू किंवा ड्रग्जच्या व्यसनाचा विकार होता. साधारण निम्म्या लोकांत दोन्ही दिसत असेल, तर "दुसरा त्रास घरी ठेवून या" असं सांगणाऱ्या व्यवस्थेचा उपयोग काय? रॉबर्ट ड्रेक, किम म्युझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच टीमने दोन्ही बघायची पद्धत उभी केली. आज जगभर शिफारस तीच आहे.

ताई, तुम्ही वाचलेली थेरपी बहुधा अमेरिकेतल्या बाल्टिमोरची असावी. मेरीलँड विद्यापीठात अ‍ॅलन बेलॅक यांनी ती खास गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रौढांसाठी बेतली. छोटा गट, आठवड्यातून दोनदा, सहा महिने. प्रत्येक बैठक लघवीच्या तपासणीने सुरू होते. नशा सापडली नाही तर सगळे कौतुक करतात आणि थोडे पैसे मिळतात, सलग स्वच्छ राहिलं तर रक्कम वाढत जाते. सापडली तर कुणी रागावत नाही. कुठे प्यायलास, सोबत कोण होतं, त्याआधी काय झालं, हे सगळे मिळून उलगडतात. मग पुढच्या बैठकीपर्यंतचं एक लहान ध्येय लिहून त्यावर सही. आणि उरलेला मोठा वेळ सराव: मित्राला नाही कसं म्हणायचं, आवाज वाढले तर कुणाला सांगायचं.

तुम्ही लक्ष न टिकण्याबद्दल लिहिलंत. स्किझोफ्रेनियात लक्ष आणि स्मरण दोन्ही कमी होतात, म्हणूनच हा कार्यक्रम तसा रचलाय. एका बैठकीत एकच मुद्दा, तो फळ्यावर लिहिलेला, पुन्हा पुन्हा करून घेतलेला. "बालपणी काय झालं" असं खोल खणत बसणं त्यात नाही. २००६ साली १२९ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. या गटात सुमारे ५९ टक्के तपासण्या स्वच्छ निघाल्या, नुसत्या आधार-चर्चेच्या गटात सुमारे २५. उपचारात टिकून राहणारेही या गटात जास्त होते. म्हणजे उपयोग होतो. सगळ्यांना होतो असं नाही, पण होतो.

लालबागचा_वाटसरू

डॉक्टर, लघवी स्वच्छ निघाली म्हणून पैसे? आमच्या गल्लीत असे पैसे दिले तर तो थेट देशी दारूच्या बारकडे वळेल. आणि न पिणं हे कर्तव्य आहे, त्याचं बक्षीस कसलं?

मनोवैद्य

वाटसरू, शंका रास्त आहे. रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, बऱ्याच ठिकाणी रोख न देता कुपन देतात. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ही पद्धत २०११ पासून सरकारी खर्चाने चालते. दारूचं सुख दहा मिनिटांत मिळतं, न पिण्याचं सुख यायला महिने लागतात. आजाराने उमेद आधीच खाल्लेली असते, त्या माणसाला महिन्यांची वाट बघणं फार जड जातं. म्हणून आजच्या न पिण्याला आजच काहीतरी हातात द्यायचं.

केसपेपर

मी रुग्णालयात समाजसेवक म्हणून काम करते. ही पद्धत घरी करून बघणाऱ्या कुटुंबांना मी सांगते की रोख देऊ नका. मोबाइलचं रिचार्ज, रविवारी आवडीचं मासळीचं जेवण, गोरेगावला भाच्यासोबत क्रिकेट बघायला जाणं. पण रोजचं जेवण, औषधाचे पैसे, घरात येऊ देणं आणि प्रेमाने बोलणं या गोष्टी कधीही बक्षिसात धरू नका. त्या त्याला प्यायल्यावरही मिळाल्या पाहिजेत.

सोमवार_उपवास

आमच्या शेजारी एकीने नवऱ्याच्या आमटीत न सांगता एक पावडर टाकली होती. त्याला कळलंही नाही, प्यायला की उलट्या व्हायच्या. सुटली दारू. विचारून बघा.

औषधवाला

असं करू नका. माझं औषधाचं दुकान आहे, गल्ल्यावर हे आठवड्याला कुणी ना कुणी मागतं आणि मी देत नाही. ती बहुतेक डायसल्फिराम असते. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, या औषधाने ते पुढे मोडत नाही आणि साठत जातं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावतो. औषध बंद केल्यावरही दोनेक आठवडे हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो सावध कसा राहणार?

मनोवैद्य

औषधवाला यांच्याशी पूर्ण सहमत. आणखी एक, डायसल्फिराममुळे मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन वाढू शकतं आणि काहींचे भास बळावतात. ज्याला आधीच वाटतंय की घरचे जेवणात काही कालवतात, त्याच्या जेवणात खरंच काही कालवलं तर तो पुन्हा कुणावर विश्वास ठेवेल? दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोनसारखी दुसरी औषधं आहेत. यकृताच्या तपासण्या बघून, त्याला सांगून, त्याच्या संमतीने.

पहाटवारा

मला बायपोलर आहे आणि मी दारूतून बाहेर येतोय. ताई, तुमचा भाऊ जिकडून बघतो तिकडचं थोडं सांगतो.

मला पहिल्यांदा ज्या समुपदेशक बाईंनी बसवलं त्यांनी "सोड" हा शब्द काढला नाही. विचारलं, "दारू तुला काय देते?" आयुष्यात कुणी हा प्रश्न केला नव्हता. मी सांगितलं, झोप देते, आणि डोकं पळायला लागलं की ब्रेक लावते. मग त्या म्हणाल्या, "आणि काय घेते?" त्याची यादी मीच करत गेलो. नंतर कळलं की या पद्धतीला प्रेरणादायी मुलाखत म्हणतात आणि विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये मांडली. तेव्हा मला एवढंच जाणवलं की समोरची बाई माझ्याशी भांडत नाही.

नाही म्हणण्याच्या सरावाबद्दल डॉक्टरांनी लिहिलंय, त्याचं वजन वाचून कळत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. गटात आम्ही गटारीचा प्रसंग करायचो. एक जण मित्र व्हायचा: "अरे, उद्यापासून श्रावण, आजचा एकच दिवस!" मी नाही म्हणायचो. तो दुसऱ्यांदा: "आमच्यात बसायला लाज वाटते का?" तिसऱ्यांदा ग्लास हातातच द्यायचा. पहिल्या काही वेळा मी तिसऱ्याला गळायचो, नाटकातसुद्धा. हळूहळू माझी तीन वाक्यं पक्की झाली: "नको." "गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी बंद केलीय." "चल, मी निघतो, सकाळी फोन करतो." तिसरं म्हणतानाच उठून उभं राहायचं, हेही शिकवलं होतं. खुर्चीत बसून नाही म्हणणारा पुन्हा बसतोच. गटारी, विसर्जनाची रात्र, थर्टी फर्स्ट आणि पगाराचा दिवस या चार दिवसांचं नियोजन मी आजही कागदावर करतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मराठी सभा मुंबईत भरपूर आहेत, मी जातो आणि त्यांनी मला खूप दिलंय. पण एका सभेनंतर एकाने सांगितलं, "मानसिक गोळ्या म्हणजे दुसरी नशाच, त्याही सोड." ऐकू नका. खुद्द त्या संघटनेच्या पुस्तिकेत लिहिलंय की कुणाही सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये. बायपोलरची माझी गोळी, लिथियम, माझ्यासाठी नशा नाही, त्याच्यामुळे मी सभेपर्यंत पोहोचतो.

निळी_शाई

पहाटवारा, हे उघडपणे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. उभं राहून नाही म्हणायचं हे मी माझ्या मुलालाही सांगणार आहे, तो कॉलेजात आहे.

विक्रोळीची_आई

माझा मुलगा क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर आहे. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. त्याला वॉर्डात ठेवलं तेव्हा तिथे विडी-सिगारेट बंद. चार-पाच दिवसांत तो इतका गुंगला की घास तोंडातून गळायचा, लाळ थांबेना. मला वाटलं जास्तीचं औषध देतायत. मग मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी किती विड्या ओढतो?" धूर बंद झाला की रक्तातलं हे औषध वाढतं म्हणे. त्यांनी मात्रा कमी केली आणि तो सावरला.

मनोवैद्य

काकू, अगदी बरोबर. निकोटिनमुळे नाही, धुरातल्या इतर रसायनांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात चालतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन भराभर मोडतं. धूम्रपान थांबलं की औषध साठतं. पुन्हा सुरू झालं की कमी पडतं. म्हणून सिगारेट सोडताना, केंद्रात जाताना आणि घरी परतताना डॉक्टरांना कळवा. तंबाखू चघळण्याने हा परिणाम होत नाही.

सरळमार्गी

विड्यांचं मला नवीन. ठीक आहे, अशा रुग्णाला डॉक्टरशिवाय ठेवू नये हे पटलं. पण तो स्वतः तयारच नसेल तर काय करायचं? घरच्यांनी मार खात राहायचं?

कायदेबाज

सरळमार्गी, यावर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ आहे, मे २०१८ पासून लागू. त्याच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, म्हणजे दोन्ही त्रास एकाच कायद्याखाली. रुग्ण तयार नसेल आणि स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावर, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासून, जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९० ची वेगळी प्रक्रिया. सहा महिने फोन बंद करून डांबणं यात बसत नाही. साखळीने बांधण्यावर थेट बंदी आहे. केंद्र निवडताना नोंदणी बघा.

गांजामुळे पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचं कलम ६४-क वाचा. थोड्या प्रमाणातल्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला त्यात संरक्षण आहे.

विम्याचं बघून ठेवा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१(४) सांगतं, पण व्यसनाच्या उपचारांना वगळणारी प्रमाणित अट पॉलिसीत असते. दाखल करण्याचं वैद्यकीय कारण कागदावर खरं आणि पूर्ण लिहिलेलं असू द्या.

गिरणगावकर

थोडं विषयाबाहेर, पण राहवत नाही. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालात लिहिलंय की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसतं. त्यातून मानसिक आजार असलेल्याला दोन दारांवरून परत पाठवलं तर तो कुठून उभा राहायचा? हे आमदार-नगरसेवकांना विचारलं पाहिजे. प्रत्येक वॉर्डात जिम होते, असा एक गट का होत नाही?

केसपेपर

गिरणगावकर दादा, विचाराच. आम्हीही आतून विचारत असतो.

ताई, तुमच्यासाठी व्यवहाराचं लिहिते. बाल्टिमोरचा तोच कार्यक्रम इथे शोधत बसू नका, त्यातले भाग मागा. केईएम, नायर, सायन, कूपर यांसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आणि सरकारी जे.जे.त मानसोपचार विभाग आहे, आणि तोच विभाग व्यसनाचे रुग्णही बघतो. म्हणजे एकाच केसपेपरवर दोन्ही लिहिता येतं. कांदिवलीहून कूपर जवळ पडेल. सकाळी लवकर जा, जुनी सगळी कागदपत्रं न्या, चालू गोळ्यांची पाकिटं न्या. दारू, गांजा, तंबाखू यांचं खरं प्रमाण सांगा, लपवलं तर औषधाचं गणित चुकतं.

डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा: लघवीची तपासणी ठरावीक दिवशी करता येईल का, सायकॉलॉजिस्ट किंवा समाजसेवकाकडे दर आठवड्याला वेळ मिळेल का, आणि गोळ्या रोज लक्षात राहत नसतील तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालेल का. ज्याची दारूमुळे गोळी चुकते त्याच्यासाठी इंजेक्शन फार मोठा आधार ठरतो. तो प्यायलेला असला तरी तपासणीची तारीख चुकवू नका, तसाच घेऊन या.

रात्री अपरात्री काही झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. आणि तुमच्या आईला अल-अनॉनच्या सभेला पाठवा, ती खास कुटुंबीयांची असते. सत्तरीच्या बाईला कुणीतरी विचारलं पाहिजे की तुम्ही कशा आहात.

चारकोपची_ताई

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. अल-अनॉनचं ऐकून ती आधी म्हणाली, "मला कशाला?" मग विचारलं, "दुपारची असते का सभा?"

भावाशीही बोलले. पहाटवारा यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, दारू तुला काय देते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रात्री ते लोक बोलायला लागले की झोपू देते." इतक्या वर्षांत हे आम्हाला माहीत नव्हतं. सोडायला तयार आहेस का, असं मी विचारलं नाही. रात्रीच्या आवाजांसाठी डॉक्टरांकडे जाऊया का, एवढंच विचारलं, तर हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात जातोय.

एकच विचारायचंय. पहिलं ध्येय किती लहान असावं? आणि तिथे जाऊन आल्यावर तो त्याच संध्याकाळी प्यायला तर?

पहाटवारा

माझं पहिलं ध्येय होतं: गोळी आधी, ग्लास नंतर. दारू आणि गोळी एकत्र घेणं चांगलं नाही हे डॉक्टरही मला सांगत होते, पण दारूसाठी गोळी टाळणं त्याहून वाईट होतं. तुमच्या भावाच्या बाबतीत हे चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा, प्रत्येकाची औषधं वेगळी.

मनोवैद्य

ताई, ध्येय त्याने निवडावं, तुम्ही नाही. "सोमवार ते बुधवार गांजा नाही" इतकं लहान चालेल. पण तो रोज दारू पित असेल तर दारू कमी करण्याचं ध्येय पहिल्या तपासणीनंतरच ठरवा, कारण मी वर लिहिलं ते.

त्या संध्याकाळी प्यायला तर जेवायला वाढा, रात्री भांडण काढू नका, सकाळी तो शुद्धीत असताना विचारा की काल नेमकं कशाने झालं. ते उत्तर वहीत लिहा आणि पुढच्या तारखेला वही घेऊन या. डॉक्टरांना त्यातून काम करता येतं. घरात मारहाण होत असेल किंवा तो स्वतःला संपवण्याचं बोलत असेल तर मात्र सकाळची वाट न बघता लगेच इमर्जन्सीत न्या.

केसपेपर

आणि आत गेल्यावर समाजसेवकाचं टेबल कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पुढच्या तारखा, मोफत औषधं, इंजेक्शन, सगळं तिथून सोपं होतं. पहिल्या भेटीनंतर इथे लिहा, पुढचं बघू.